चालकाविना गाड्या येण्याआधी गोव्याच्या शहर आराखड्यांनी काय ठरवून ठेवावे?

मांडवीकाठ (धागा सुरू करणारा)

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी पणजीत अठरा जून मार्गावरच्या एका दुकानाच्या पायरीवर कुणाची तरी वाट पाहत उभा होतो. अर्ध्या तासात एकच पांढरी मोटार माझ्यासमोरून चार वेळा गेली. पहिल्या फेरीला तिच्यातून एक बाई उतरून कापडाच्या दुकानात शिरल्या होत्या. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत चालक एकटाच होता, मान वाकवून दोन्ही बाजूंना जागा शोधत होता, आणि प्रत्येक फेरीत त्याच्यामागे कदंबची बस, दोन-तीन स्कूटर आणि एक मालवाहू टेम्पो खोळंबत होते. ती गाडी कुणालाही कुठेही नेत नव्हती. उभे राहायला जागा नाही, एवढ्याच कारणाने ती चालत होती.

नगररचनेच्या नकाशांवर मी वीसेक वर्षे काम करतो आहे, आणि चालकाविना चालणाऱ्या गाड्यांविषयी जेव्हा जेव्हा बोलणे निघते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हीच गाडी येते. आज तिच्या फेऱ्यांना मर्यादा आहे ती चालकाच्या कंटाळ्याची आणि त्याच्या वेळेच्या किमतीची. चालकच नसेल तर ती मर्यादा उरत नाही. मालक गाडीला सांगेल की मी दोन तासांनी येतो, तोवर फिरत राहा. अॅडम मिलार्ड-बॉल या अमेरिकेतल्या अभ्यासकाने २०१९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवर्ती भागाचे गणित मांडून दाखवले होते, की पार्किंगचे पैसे भरण्यापेक्षा गाडी संथपणे फिरवत ठेवणे मालकाला स्वस्त पडेल, आणि सगळ्यांनीच तसे केले तर रस्ते तुंबतील. बर्कलीच्या संशोधकांनी त्याआधी एक वेगळा प्रयोग केला होता. चालकाविना गाडी घरात असल्यासारखे लोक कसे वागतील हे पाहण्यासाठी त्यांनी १३ जणांना काही दिवस फुकट चालक दिला, तर त्यांच्या गाड्यांचे एकूण अंतर ८३ टक्क्यांनी वाढले, आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांत मालक गाडीत नव्हताच. तेरा ही संख्या फार लहान आहे हे मान्य, पण माणसाचा स्वभाव ओळखायला ती मला पुरेशी वाटते.

या गाड्या आता प्रयोगशाळेपुरत्या राहिलेल्या नाहीत. फिनिक्सच्या उपनगरांत वेमो कंपनीची चालकाविना टॅक्सी ऑक्टोबर २०२० पासून सर्वसामान्यांसाठी खुली आहे, आणि चीनमध्ये वुहानसारख्या महानगरात बायडू कंपनीच्या अशा टॅक्सी धावतात. गोव्यात त्या कधी येतील याचे भाकीत मला करायचे नाही. मात्र आपला बाह्यविकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशी वापरायची हे ठरवणारा नकाशा, एकदा मंजूर झाला की त्याचे परिणाम पुढच्या दोन पिढ्या भोगतात, हे मी जवळून पाहिले आहे. पणजीहून रायबंदरला जाणारा बांधरस्ता पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला, आणि आजही आपण त्याच्यावरूनच जातो. म्हणून प्रश्न असा विचारतो, की रिकाम्या गाडीचे काय करायचे हे आपल्या आराखड्यांत आणि नियमांत आत्ताच कसे लिहून ठेवता येईल?

पिवळा फलक

मी सतरा वर्षे पर्यटक टॅक्सी चालवतो. रिकाम्या गाडीविषयी आपण लिहिले आहे, तर त्याबाबत आमच्याइतका अनुभव क्वचितच कुणाला असेल. दक्षिणेतल्या हॉटेलातून मोपाच्या विमानतळावर प्रवासी सोडला की परतीचा सगळा रस्ता मी बहुतेक वेळा रिकामाच येतो, कारण तिथल्या प्रवाशांवर तिथल्या टॅक्सीवाल्यांचा हक्क आहे, आणि आमच्या स्टँडवर बाहेरचा कुणी आला तर आम्हीही त्याला प्रवासी उचलू देत नाही. ही रीत आमच्या पोटासाठी पडली आहे, तिचे मी समर्थनही करतो, पण त्यामुळे रस्त्यावर रिकाम्या गाड्या वाढतात हे नाकारणार नाही. म्हणजे रिकामी फेरी यंत्रामुळेच निर्माण होणार आहे असे समजू नये. ती आजही आहे, आणि तिचे इंधन आमच्याच खिशातून जाते.

दुसरी गोष्ट अशी की केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, चालकांचा रोजगार जाईल हे कारण देऊन, अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही असे जाहीरपणे सांगितले आहे. तरीही या धाग्यावर त्या येणारच असे गृहीत धरून चर्चा चालली आहे. माझ्या गाडीचे हप्ते अजून तीन वर्षे आहेत. मोटारसायकल पायलटांचे, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांचे, काय होणार, याचाही विचार आराखडा करणाऱ्यांनी करावा. पणजीच्या बाजारापाशी पिवळ्या मडगार्डाची गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आराखड्यात कुठे जागा आहे?

वेर्णे पठार

माझे काम वाहनांच्या संवेदकांशी संबंधित आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने थोडे लिहितो. ही गाडी तीन प्रकारे पाहते. कॅमेरा, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारे लिडार. जूनच्या अखेरीस आपल्याकडे जो पाऊस कोसळतो त्यात कॅमेऱ्याची काच आणि दृश्य दोन्ही धूसर होतात, आणि लिडारचे किरण थेंबांवरूनच परततात. रडारला पावसाचा त्रास कमी, पण त्याचे चित्र भरड असते, त्यामुळे समोरची वस्तू गाय आहे की पावसात उभी केलेली हातगाडी, हे त्याला सहज ओळखता येत नाही. फिनिक्सचे वाळवंट आणि आमचा पावसाळा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

त्यात रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा. पहिल्या दोन जोरदार सरींत डोंगरउतारावरची तांबडी माती वाहून रस्त्यावर येते आणि रेषा तिच्याखाली जातात. रात्री ओल्या डांबरावर समोरच्या गाडीचा झोत पडला की ज्या रेषा उरल्या आहेत त्याही दिसेनाशा होतात, माणसालाही आणि कॅमेऱ्यालाही. माझे म्हणणे असे आहे, की रेषा, फलक, दिवे आणि गतिरोधकांवरचा रंग यांवर पैसे खर्च करायला चालकाविना गाडीची वाट पाहू नये. तो खर्च आजच्या स्कूटरवाल्याचा जीव वाचवतो, आणि यंत्र आले नाही तरी वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे नियोजनात दुर्लक्ष होते. या गाड्या बहुतांशी रस्त्याच्या अतिशय बारकाईने केलेल्या नकाशावर विसंबून असतात. पणजीत गेली काही वर्षे रस्ते कसे खोदले गेले ते आपण सगळ्यांनी पाहिले. काल होता तो रस्ता आज बंद, आणि फलक म्हणजे एक पिंप आणि त्यात खोचलेली झाडाची फांदी. कोणता रस्ता, किती तारखेपासून, किती रुंदीत खोदला जाणार, ही माहिती सार्वजनिक बांधकाम खाते, वीज खाते आणि पालिका यांनी एकाच ठिकाणी, यंत्राला वाचता येईल अशा रूपात दररोज जाहीर केली तर तिचा लाभ रुग्णवाहिकेलाही होईल.

रोज पहाटे आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोदेर सायकलवरून येतो. मागे पावाची टोपली, तिच्यावर निळे प्लास्टिक, हातात भोंगा. तो डावीकडून येतो, मध्येच वळतो, उजव्या बाजूच्या फाटकापाशी थांबतो, गिऱ्हाईक नसले तर तिथूनच मागे फिरतो. आम्हा सगळ्यांना त्याची वाट ठाऊक असल्याने आम्ही गाडी आपसूक सावकाश घेतो. यंत्राला हे शिकवता येईल, अशी माझी खात्री आहे. पण शिकेपर्यंत पोदेराने सरळ रेषेत चालावे अशी अपेक्षा कुणी करू नये, आणि गावातल्या रस्त्यांना कठडे घालून माणसांना बाजूला सारण्याचा मार्ग तर अजिबात पत्करू नये.

चोडणची फेरी

मी शिक्षिका आहे आणि चोडण बेटावर राहते. माझ्या आईचे वय ८१ आहे, तिला एका डोळ्याने दिसत नाही, आणि पणजीच्या दवाखान्यात जायचे म्हटले की धक्क्यापर्यंत गाडी, मग फेरीबोट, मग रायबंदरहून पुन्हा बस, असे तीन टप्पे. संध्याकाळी परतताना बस चुकली तर शेजारच्या मुलाला फोन करून बोलवावे लागते, आणि आईला ते फार संकोचाचे वाटते. आतापर्यंतच्या प्रतिसादांत ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांचा उल्लेख आलेला नाही, म्हणून हे लिहिले. पिवळा फलक यांच्या रोजगाराची काळजी मला खरोखर वाटते. तरीही ज्या वाड्यावर रात्री आठनंतर टॅक्सीही यायला तयार नसते, तिथे एखादे संथ, चालकाविना वाहन धक्क्यावरून माणसांना घरी सोडणार असेल, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. प्रश्न एवढाच, की ते चोडणला येईल, की फक्त कळंगुट आणि मोपाच्या रस्त्यावरच फिरेल?

मांडवीकाठ

ताई, आपण विचारलेल्या प्रश्नावरच सगळे अवलंबून आहे असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

जपानमध्ये फुकुई प्रांतात एइहेइजी नावाचे मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले एक छोटे गाव आहे. तिथली जुनी रेल्वे बंद पडली, रूळ काढले गेले, आणि त्या मार्गाच्या सुमारे २ किलोमीटरच्या पट्ट्यावर मे २०२३ मध्ये चालकाविना वाहनांची सेवा सुरू झाली. आत चालक लागतच नाही अशा पातळीची ती जपानमधली पहिलीच सेवा. वाहने गोल्फच्या मैदानावर असतात तशी छोटी विजेची, वेग ताशी १२ किलोमीटर, आणि जमिनीखाली घातलेल्या तारेच्या आधाराने ती आपली वाट धरून चालतात. म्हणजे पोदेराच्या सायकलपेक्षा ती वेगवान नाहीत. म्हातारी माणसे आणि यात्रेकरू त्यांतून जातात. तिथे यंत्राची हुशारी बेताचीच आहे. नियोजन करणाऱ्यांनी मार्ग ठरवला, वेग ठरवला, आणि मग त्यात बसेल असे यंत्र निवडले.

सॅन फ्रान्सिस्कोत उलटा क्रम झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये शहराच्या प्रशासनाचा आणि अग्निशमन दलाचा आक्षेप असताना कॅलिफोर्निया राज्याच्या आयोगाने दोन कंपन्यांना शहरभर चोवीस तास पैसे घेऊन टॅक्सी चालवायला परवानगी दिली. २ ऑक्टोबर रोजी दुसऱ्या एका मोटारीने उडवलेली पादचारी स्त्री क्रूझ कंपनीच्या चालकाविना गाडीपुढे पडली. गाडी थांबली, आणि नंतर कडेला घ्यायची म्हणून तिला खाली घेऊनच सुमारे ६ मीटर फरफटत पुढे गेली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला त्या कंपनीचा परवाना स्थगित झाला, आणि सगळी माहिती अधिकाऱ्यांपुढे वेळेवर ठेवली नाही हा ठपकाही तिच्यावर आला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या गाड्या चौकांत अडकून राहिल्या. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको.

यावरून माझे मत असे बनले आहे, की गोव्याने सुरुवात ठराविक मार्गावरच्या, संथ, सामायिक वाहनांपासून करावी. जुने गोवे हे ठिकाण त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. चर्च संकुल, बसथांबा आणि दिवाडीच्या फेरीचा धक्का ही सगळी ठिकाणे जवळजवळ आहेत, दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला तिथे प्रचंड गर्दी लोटते, आणि जागतिक वारसा स्थळ असल्याने तिथे खासगी मोटारींवर बंधने घालायला सबळ कारण आहे. दुसरे ठिकाण म्हणजे चोडणचा धक्का. खासगी मालकीची चालकाविना मोटार मात्र पणजी, मडगाव आणि म्हापसा यांच्या मध्यवर्ती भागात रिकामी फिरूच नये. आणि चालकाविना कोणत्याही गाडीवर रिकाम्या प्रत्येक किलोमीटरमागे आकार असावा, आणि तो पार्किंगच्या दरापेक्षा निश्चितपणे जास्त असावा.

वेर्णे पठार

या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. सामायिक टॅक्सीलाही एका प्रवाशाकडून दुसऱ्याकडे जाताना, किंवा चार्जिंगला जाताना, रिकामे जावेच लागते. सरसकट आकार लावला तर कंपन्या दूरच्या वाड्यांवर जाणार नाहीत, कारण तिथून परतणे रिकामेच असते. मग चोडणच्या ताईंना जे हवे आहे त्याच्यावरच हा आकार पडेल.

मांडवीकाठ

आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याप्रमाणे मी माझे म्हणणे बदलतो. आकार शहराच्या आखून दिलेल्या मध्यभागापुरता आणि गर्दीच्या वेळेपुरताच असावा. गावात जाणारी रिकामी फेरी त्यातून मुक्त राहावी, किंबहुना शहरात जमलेल्या पैशातून तिला मदत मिळावी. मात्र आकारच नको, इथपर्यंत मी येणार नाही. अठरा जून मार्गाची रुंदी वाढवता येत नाही आणि वाढवूही नये. पणजीच्या मळा भागातल्या गल्ल्यांची तर बातच नको.

आल्तिन्हो

वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते. मोटार वाहन कायदा १९८८ हा चालक आणि त्याचा परवाना गृहीत धरूनच लिहिलेला आहे, त्यामुळे आज अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र कलम २ ब आले, ज्यानुसार नवसंशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकते. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण त्याची किल्ली केंद्राकडे आहे.

राज्याकडे काय आहे, हे इथे कुणी लिहिलेले नाही, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. कलम ११५ नुसार विशिष्ट भागात विशिष्ट प्रकारच्या वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कलम ११७ नुसार वाहने कुठे उभी राहतील ते राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवू शकते. राष्ट्रीय महामार्ग सोडले तर रस्ते आणि जमीन हे विषय घटनेनुसार राज्याचेच. आराखडे १९७४ च्या आपल्या नगरनियोजन कायद्याखाली होतात. म्हणजे वाहन कसे असावे हे दिल्ली ठरवील, पण ते कुठे जाईल, कुठे थांबेल आणि किती वाजता येईल हे ठरवायला पर्वरीतल्या सरकारला कुणाची वाट पाहण्याचे कारण नाही. जर्मनीने २०२१ च्या कायद्यात असेच केले. तिथे संघीय कार्यालय वाहनाला मान्यता देते, पण ते कोणत्या क्षेत्रात चालेल याची मंजुरी राज्याच्या कायद्यानुसार नेमलेल्या अधिकाऱ्याकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते. सॅन फ्रान्सिस्को शहराला असा अधिकार नव्हता, म्हणून त्याचे कुणी ऐकले नाही.

पिवळा फलक यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. त्याच जर्मन कायद्यात प्रत्येक अशा वाहनावर दुरून लक्ष ठेवणारी, गरज पडल्यास ते थांबवणारी माणसाची तांत्रिक देखरेख सक्तीची आहे. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने गाडी स्वतः चालत असताना होणाऱ्या चुकीची जबाबदारी आत बसलेल्यावर न टाकता, ती गाडी मंजूर करून घेणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. आपल्याकडे नियम होतील तेव्हा या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागतील.

पिवळा फलक

वकील ताईंनी दिलेली माहिती उपयोगाची आहे. माझी मागणी आता स्पष्टपणे लिहितो. जुने गोवे किंवा चोडण येथे असे वाहन सुरू करायचे असेल, तर त्याचे परवाने बाहेरच्या कंपनीला न देता स्थानिक टॅक्सीवाले आणि पायलट यांच्या सहकारी संस्थेला द्यावेत, आणि देखरेखीची कामे आधी त्यांच्यातल्यांनाच प्रशिक्षण देऊन द्यावीत. ही अट निविदेत लिहिलेली हवी, तोंडी आश्वासन आम्हाला नको. आश्वासने आम्ही मोपाच्या वेळीही पुष्कळ ऐकली होती. आणि मुसळधार पावसात, चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीचे सामान, गणपतीची मूर्ती आणि तीन मुले घेऊन वाड्यावरच्या चढणीपर्यंत कुणाला पोहोचवायचे असेल, तेव्हा यंत्रापेक्षा माणूस लागतो, हे आराखडा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मांडवीकाठ

निविदेतल्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

इमारतींविषयी एक मुद्दा राहिला. २०१० च्या आपल्या बांधकाम नियमांनुसार प्रत्येक इमारतीला ठराविक प्रमाणात पार्किंगची जागा द्यावी लागते. त्यामुळे नव्या इमारतींचे तळमजले नुसते खांब आणि मोटारी असे झाले आहेत, आणि पूर्वी जिथे बाल्कांव, म्हणजे दारापुढचे बसायचे ओटे, आणि दुकानाच्या पायऱ्या होत्या तिथे आता काळोख असतो. पुढे मोटारी सामायिक झाल्या तर यातली बरीच जागा मोकळी होईल. म्हणून आजपासून बांधल्या जाणाऱ्या पार्किंगच्या मजल्यांची जमीन सपाट असावी आणि उंची पुरेशी असावी, म्हणजे उद्या तिथे पाळणाघर, दवाखाना किंवा दुकाने करता येतील. उतरत्या जमिनीच्या आणि बुटक्या छताच्या पार्किंगचे पुढे काहीही करता येत नाही, ते पाडावेच लागते. मोकळी होणारी जागा आपोआप विकासकाच्या विक्रीयोग्य क्षेत्रात जाऊ नये, हेही नियमातच लिहावे लागेल, नाहीतर तिथे आणखी सदनिका उभ्या राहतील आणि नळाला पाणी मात्र आहे तेवढेच राहील.

मी या सगळ्याचा दोन पानी मसुदा करतो आहे. तो नगरनियोजन खात्याकडे सूचना म्हणून पाठवीन, पण त्याआधी जुने गोवे आणि चोडण येथील ग्रामसभांपुढे तो वाचला जावा अशी इच्छा आहे. त्यासाठी मला धक्क्यावरची खरी स्थिती हवी आहे. किती माणसे उतरतात, किती जण चालत जातात, किती जणांना कुणीतरी न्यायला येते, आणि न्यायला येणारी किती वाहने धक्क्यापर्यंत रिकामी येतात.

चोडणची फेरी

ही मोजणी मी करते. पुढच्या सोमवारपासून आठवडाभर, सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते रात्री नऊ, आमच्या दहावीच्या वर्गातली चार मुले पालकांच्या परवानगीने आळीपाळीने धक्क्यावर माझ्याबरोबर बसतील. पाऊस असेल तर तिकीटघराच्या आडोशाला बसू. तक्ता कसा आखायचा ते मांडवीकाठ यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे, आणि फेरी चुकलेल्यांसाठी त्यात वेगळा रकाना ठेवावा. संध्याकाळच्या शेवटच्या बसनंतर उतरणाऱ्यांना घरी कसे जाणार हे मी स्वतः विचारीन, कारण ते उत्तर मुलांना कुणी नीट देणार नाही.

पिवळा फलक

बुधवारी आणि शनिवारी माझी दुपारनंतरची पाळी नसते. त्या दोन संध्याकाळी रायबंदरच्या बाजूने मी मोजतो. मला एक कोरा तक्ता पाठवावा.